चौसष्ट माणसं आणि एक ताप

काशिरामच्या बंदुकीचा बार उडाला, आणि पुढचं सगळं रामायण त्या बारातून झालं. नवल बाराचं नव्हतं, तो उडाला याचं होतं. ही ठासणीची बंदूक उसरवाडीत काशिरामच्या बापापासून होती. पिकाच्या राखणीचा रीतसर परवाना होता, दसऱ्याला तिला झेंडूची माळ पडायची. पण सहा वर्षांपूर्वी परवाना काशिरामच्या नावावर झाल्यापासून त्यानं चाप ओढावा आणि तिनं नुसतं फुस्स करावं, हेच चाललं होतं. रानडुकरंसुद्धा आता तिला मानत नव्हती. त्या आठवड्यात काशिरामची आई हौसा माहेरी करंजाला गेली होती. काशिराम एकटाच वालाच्या शेतात गेला, झुडपात काळं काहीतरी हललं, त्यानं सवयीनं चाप ओढला आणि अख्खा डोंगर दणाणला. झुडपातून ओरडत बाहेर आली ती शेजारच्या विठूची म्हैस.

म्हैस मेली नाही. तिच्या मागच्या मांडीत सात छर्रे बसले आणि ती दूध चोरायला लागली. विठूनं पनवेलच्या कचेरीत अर्ज ठोकला की, ही बंदूक सरकारजमा करावी. तारखेला तो पुरावा म्हणून म्हशीलाही चालवत घेऊन गेला आणि कचेरीच्या आवारातल्या चिंचेला बांधून आत आला.

मामलेदार साहेब नवे होते, पुण्याकडचे, आणि माणूस आकड्यांचा. कारकून किती वेळा चहाला उठतो, हेसुद्धा ते टिपून ठेवत.

"गावात बंदूक नकोच सायेब," विठू म्हणाला. "आज म्हस, उद्या माणूस."

"सायेब, मी इचारतो," काशिराम म्हणाला, "बंदुकीनं गावात किती मेली? एक नाय. याच्या थोरल्या म्हशीनं अंतूच्या बापाला शिंगावर घेतला. माडावरनं पडून गोमासकट तिघं गेली, हिरीत चार गेली, साप चावून तर मोजदाद नाय. मग पैली याची म्हस जमा करा, माड जमा करा, हीर जमा करा. बंदुकीचा नंबर मागनं लावा."

साहेबांनी टाक खाली ठेवला. एवढा नेमका मुद्दा त्यांना पुण्यातल्या वकिलांकडून कधी ऐकायला मिळाला नव्हता. 

"उत्तम," ते म्हणाले. "पोलीस पाटील, गावचं मयतांचं रजिस्टर घेऊन पुढच्या सोमवारी या. वीस वर्षांत कोण कशानं मेलं ते मोजू. बंदुकीच्या नावावर काही नसलं तर ती घरी जाईल. एक जरी मृत्यू निघाला तर तिचं तोंड पुन्हा बघायला मिळणार नाही."

मागं उभ्या असलेल्या धर्मराज पाटलाचा चेहरा पांढराफटक पडला. परत येताना गावच्या हद्दीशी त्यानं काशिरामला गाठलं.

"काशिराम, तू मना खाल्लास," तो म्हणाला. "माज्या रजिस्टरात नुसता ताप हाय."

"म्हंजे?"

"कोण कशानंबी मरू दे, मी ताप लिवतो. हिरीत पडला लिवला का पंचनामा आला. मग मढं गाडीत घालायचं, पनवेलीला न्यायचं, तिथं फाडायचं. घरची मानसं दोन-दोन दिस बायेर बसून रडतान. तापाच्या मानसाला कोन फाडीत नाय. सांजच्याला आग देऊन मोकळी व्हतान."

काशिराम थांबला. हा माणूस बोटं शाईनं बरबटून वीस वर्षं हे करत होता आणि कुणाकडून त्यानं सुपारीचं खांड घेतलं नव्हतं. काशिरामला त्याच्या पाया पडावंसं वाटलं, पण त्याआधी आपली बंदूक आठवली.

"मग बरंच झालं की. बंदुकीच्या नावावर काय नसंल ना?"

धर्मराजनं चालीचा वेग वाढवला. "रजिस्टरात नाय," तो म्हणाला.

सोमवारी निम्मं गाव कचेरीत आलं. हौसाही करंजाहून परतली होती, ती दाराशी बसली. साहेबांच्या मेजावर एका बाजूला बंदूक होती आणि दुसऱ्या बाजूला रजिस्टर. साहेब वाचू लागले.

"ताप. ताप. ताप. ताप." त्यांनी पान उलटलं. "ताप. ताप." कारकून मोजणीच्या काठ्या मारत होता, त्याचा हात दुखायला लागला. चौसष्ट माणसं, चौसष्ट ताप. साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून बघितलं.

"पाटील, हा गोमा तर माडावरून पडला असं हे मागच्या वेळी म्हणाले."

"तापच सायेब. माडावर चढल्यावर आला."

"आणि ते विहिरीतले चौघं?"

"ताप लय व्हता. पाणी प्यायला गेली."

"अंतूचे वडील?"

"तापात म्हशीला मिठी मारली सायेब."

साहेबांनी विठूकडे पाहिलं. म्हैस त्याची, अर्ज त्याचा, एक शब्द बोलला असता तर खटला त्याचा होता. विठूनं तोंड उघडलं. पण चौसष्टांत सव्विसाव्या नंबरावर त्याचा धाकटा भाऊ होता, विहिरीत गेलेला, आणि त्याला त्याच संध्याकाळी घरच्यांच्या हातून आग मिळाली होती. विठूनं तोंड मिटून घेतलं. "तापच," तो म्हणाला.

साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. ज्या गावात साप चावत नाही, माडावरून कुणी पडत नाही, विहीर कुणाला घेत नाही आणि एकाच तापानं वीस वर्षं सगळ्यांना एका मापानं नेलं, असं गाव त्यांनी पाहिलं नव्हतं आणि ऐकलंही नव्हतं. तरी माणूस खातरजमेचा. त्यांनी दाराकडे बघितलं.

"आजी, पहिलीच नोंद तुमच्या यजमानांची आहे. त्यांना खरोखर तापच होता?"

हौसानं मेजावरच्या बंदुकीकडे पाहिलं. "व्हय सायेब. ताप आलता."

"किती दिवस होता?"

"दिस कशाचं? एकदम आला. लय मोठा आवाज करून आला."

 गावकऱ्यांनी आपापल्या पायांकडे बघितलं. साहेबांनी गंभीरपणे मान हलवली आणि "मस्तकात गेलेला ताप" असं समासात लिहिलं. मग त्यांनी निकाल दिला: बंदुकीचे मृत्यू शून्य, म्हशीचे शून्य, माडाचे शून्य. बंदूक परत करावी. तापाबद्दल मात्र वर तातडीनं कळवावं.

काशिराम जिंकला होता. तो आईच्या मागून चालत होता आणि खांद्यावरची बंदूक पहिल्यांदाच त्याला जड लागत होती.

"आये," तो म्हणाला, "तापाला आवाज आसतो?"

हौसा चालता चालताच बोलली. "तुजा बाप मचाणावर चढला नि भरलेली बंदूक नळीला धरून वर वढली. तू चार वर्साचा व्हतास. पाटलानं ताप लिवला."

"मंग ही घरात ठेवलीस कशाला?"

"रांडावलेली बाई नि चार वर्साचं पोर. भाऊबंद बांध कोरायला टपलेली. खुटीवर बंदूक दिसली का मानसं बांधाच्या पलीकडनं बोलतान." तिनं डोईवरचा पदर सारखा केला. "पन तुज्या हातनं बार उडू दिला नाय. बंदुकीच्या दारूची पिशवी मी रोज पाण्याच्या माठाखाली ठेवते. मी करंजाला गेली, माठ रिकामा ऱ्हायला, तेवडीच चार दिस ती सुकली."

 सहा वर्षं काशिराम ठासणी चुकल्याबद्दल स्वतःला, फुसकी दारू दिल्याबद्दल पनवेलच्या दुकानदाराला आणि नशिबाबद्दल देवाला बोल लावत आला होता. बापामागची वीस वर्षं आणि त्यांतली आपली सहा या बाईनं एका माठाखाली सांभाळली, हे काही त्याच्या हिशेबात मावेना.

पंधरा दिवसांनी पनवेलहून सरकारी पथक आलं. सहा माणसं, पाठीवर पंप, चौसष्टपैकी चौसष्ट हा आकडा वाचून आधीच हादरलेली. त्यांनी घरं फवारली, गोठे फवारले, विठूची म्हैस मध्ये आली तर तिच्यावरही एक हात फिरवला. काशिरामच्या घरात पथकाचा मुकादम नाकाला फडकं बांधून आला.

"आजी, पहिला ताप या घरातला ना? कुठं दडून असायचा? कोपऱ्यात, माळ्यावर?"

हौसानं भिंतीवरच्या खुंटीकडे बोट केलं. "तिथं टांगलाय. मार त्याच्यावर."

 मुकादमानं पंपाची नळी रोखली आणि बंदूक दस्त्यापासून तोंडापर्यंत पांढरीशुभ्र करून टाकली. हौसानं काशिरामकडे पाहिलं. काशिराम पुढं झाला, त्यानं बंदूक खुंटीवरून काढली आणि उलटी करून मुकादमासमोर धरली.

"पलीकडनंबी मार," तो म्हणाला.