पोरकं दिसलं

शंकरअण्णांना कुठलीही गोष्ट एकटी दिसली की ती पोरकी वाटायची. मी दाराबाहेर वाळत ठेवलेली छत्री ते हमखास स्वतःच्या घरात नेऊन ठेवत. एकदा शेजारच्या बाईंचा मुलगा पायरीवर बसला होता, तर त्याला घरी नेऊन दहीभात भरवला. त्याची आई आमचं अर्धं हेब्बाळ उपनगर पालथं घालून आली, तेव्हा अण्णा शांतपणे म्हणाले, “पोरकं दिसलं.” बाईंनी कन्नडमधून जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पीण्या भागातल्या एका कारखान्यात ते लेथ चालवत. एका रविवारी तळ्याकाठच्या गवतातून त्यांनी रानसशाची दोन पिल्लं उचलून आणली. मातकट रंगाची, मुठीत मावतील एवढी. त्यांना मिक्सरच्या खोक्यात ठेवलं आणि पाळायची की नाही यावर एका अंगणाभोवतीच्या आमच्या बिऱ्हाडांचं अख्खं वठार भांडलं. रानातलं जनावर घरात टिकत नाही, असं मी म्हणालो. तेव्हापासून मी दगडाच्या काळजाचा ठरलो.

त्यांची बायको, आमच्या अक्का, निपाणीकडच्या. त्यांनी सांगितलं, सशीण पिल्लांना दिवसभर गवतात लपवून ठेवते आणि अंधार पडताना पाजायला येते. आत्ताच्या आत्ता परत ठेवा. अण्णा मान डोलावत “सरी, सरी” म्हणाले आणि शाईच्या ड्रॉपरमध्ये गाईचं दूध भरायला बसले.

सकाळी एक पिल्लू पोट फुगून मेलं. अण्णांनी रजा टाकली. दुसरं बल्बखाली ठेवलं, तरी गार पडत चाललं होतं. मी गेलो तेव्हा अक्का चपला घालून दारात उभ्या होत्या, संतापलेल्या.

“आता तरी चला. संध्याकाळी येते हो त्याची आई.”

“माझी पण हेच सांगून गेली होती,” अण्णा खाली मान घालून म्हणाले. “मावशीच्या दारात मला बसवून. संध्याकाळी येते म्हणाली. मी स्वल्प मोठा होईपर्यंत रोज बसायचो.”

इतक्या वर्षांच्या संसारात अक्का हे पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांनी चपला काढल्या आणि नवऱ्याशेजारी बसल्या. दुपारी तेही पिल्लू गेलं.

दोन्ही पिल्लं पुरायला मी अण्णांबरोबर तळ्याकाठी गेलो. माती लोटून आम्ही जरा लांब, दगडावर टेकलो होतो. दिसेनासं होऊ लागलं, तशी गवतातून सशीण आली. अण्णांनी पिल्लं उचलली होती त्याच जागी थांबली. हुंगत गोल फिरली, पुन्हा तिथेच आली.

“ह्यांची आली की,” अण्णा म्हणाले आणि तोंडावर पंचा दाबून रडायला लागले.