प्रवेश नाकारण्यात आला आहे

"ताई, आधी ही आतली कडी काढून टाकू का? पोराच्या हाताला लागतेय. दोन स्क्रूचं काम," असं सुतारकाका म्हणाले, तेव्हा मी स्टुलावर चढून बेडरूममधल्या कॅमेऱ्याचा कोन ठरवत होते. मी त्यांना नम्रपणे सांगितलं की कडीचं नंतर बघू. नव्या घरात सगळ्यात आधी काय बसवायचं आणि काय पाळायचं याची माझ्याकडे यादी होती. तीन आठवडे वाचन करून, तुलना करून आणि इतर आयांचं मत घेऊन ती तयार झाली होती. यादीत चोवीस बाबी होत्या आणि कडी त्यांत नव्हती. म्हणजे कडी महत्त्वाची नव्हती.

"बघा बुवा," काका म्हणाले आणि कपाटाच्या बिजागऱ्यांकडे वळले.

माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. त्या वयाचं मूल घरात असलं की बाईला जगात दोनच प्रकारच्या वस्तू दिसतात: गिळता येण्याजोग्या आणि डोक्यावर पडण्याजोग्या. त्यामुळे यादीत पहिला मान सुरक्षिततेला होता. मुख्य दारावर कॅमेरा, हॉलमध्ये कॅमेरा आणि बेडरूममध्ये थेट खिडकीच्या वर कॅमेरा. तिथून पलंग, कपाट आणि दार तिन्ही एका नजरेत येतात, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. मुख्य दाराला आपोआप बंद होणारं कुलूप बसवलं. त्याला किल्ली नाही. बाहेरून उघडायचा आकडा फोनवर येतो.

खिडकीला जाळी मात्र लागली नाही. खिडकी तिसऱ्या मजल्यावरची आणि चांगली ठेंगणी, पण जाळीला सोसायटीची परवानगी लागते. सचिवांनी मला खुर्ची देऊन समजावलं की जाळीमुळे इमारतीच्या दर्शनी भागाच्या एकरूपतेस बाधा येते. तरीही हवीच असेल तर विहित नमुन्यात अर्ज करावा आणि जाळी बसवल्यावर खिडकी कशी दिसते त्याचा फोटो जोडावा. न बसवलेल्या जाळीचा फोटो कसा काढायचा, असं मी विचारलं. बहुतेक अर्ज याच त्रुटीमुळे प्रलंबित आहेत, असं ते म्हणाले, आणि हे सांगताना त्यांच्या आवाजात खरीखुरी हळहळ होती.

सचिवांचा अभिमानाचा विषय वेगळा होता: आगंतुक व्यवस्थापन प्रणाली. गेटवर कोणी आलं की रखवालदार त्याची नोंद करतो आणि रहिवाशाच्या फोनवर दोन बटणं उमटतात. हिरवं दाबलं तर माणूस आत, लाल दाबलं तर बाहेर. आमच्या घरी ही बटणं माझ्याच फोनवर येत. नवऱ्याची नोंद 'सहरहिवासी' अशी झाली होती आणि तो माझा नवरा असल्याचा दाखला समितीच्या विचाराधीन होता. तोवर त्याला कॅमेऱ्यातून सगळं बघता येत होतं. करता काही येत नव्हतं.

पहिल्या आठवड्यात दारावरचा कॅमेरा दिवसातून चाळीस वेळा कळवायचा, 'अनोळखी हालचाल आढळली आहे.' त्यातली दोनदाची हालचाल म्हणजे पिकल्या केसांची एक बाई होती. हातात झाकलेलं काहीतरी घेऊन यायची, बेल वाजवायची, वर कॅमेऱ्याकडे बघून ओशाळं हसायची आणि जायची. मी दाराच्या आत, चार पावलांवर उभी राहून फोनमध्ये तिला बघत असे. यादीतली सहावी बाब अशी होती की पहिला महिनाभर अनोळखी माणसाला दार उघडू नये. मी उघडलं नाही. यंत्रणा चोख चालते आहे याचं मला समाधानच वाटलं.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास रंगाचा वास जावा म्हणून मी बेडरूमची खिडकी उघडली, मुलाला पलंगावर बसवून फोनवर बडबडगीत लावून दिलं आणि पाण्याचा पेला आणायला स्वयंपाकघरात गेले. परत येईपर्यंत त्याने दार लोटलं होतं आणि नव्या घराची माहिती करून घेण्याच्या ओघात कडी घातली होती.

मी बाहेर. आत मुलगा, फोन आणि जाळी नसलेली खिडकी.

दार मी खांद्याने ढकललं, लाथ मारली. दार भक्कम होतं. फ्लॅटच्या जाहिरातीतही तसंच म्हटलं होतं. "कडी काढ, राजा," असं मी पंचवीस वेळा म्हटलं असेल. त्याला तो खेळ आवडला. तोही आतून "कडी काढ, लाजा" म्हणायला लागला. खाली पळत जावं तर मागे मुख्य दार आपोआप बंद होणार, आणि उघडायचा आकडा येणार आतल्या फोनवर.

मी भिंतीवरच्या इंटरकॉमवरून रखवालदाराला सुतारकाकांना बोलवायला सांगितलं. त्यांचं दुकान गेटसमोरच. पाच मिनिटांत काका हत्यारांची पिशवी घेऊन हजर झाले आणि रखवालदाराने नियमानुसार त्यांची नोंद केली. आत फोन वाजला. माझ्या मुलाला लाल रंग फार आवडतो.

"मॅडम, तुमच्याकडून नकार आलाय," रखवालदार म्हणाला.

तो माझा नाही, मुलाचा नकार आहे, आम्हाला काकाच हवेत, असं मी सांगितलं. त्याने पुन्हा नोंद केली. पुन्हा नकार. तिसऱ्या नकारानंतर प्रणालीने सुतारकाकांना चोवीस तासांसाठी काळ्या यादीत टाकलं. अडीच वर्षांच्या मुलाने तीनदा बोट टेकवून एका माणसाला इमारतीतून हद्दपार केलं होतं. मी सचिवांना इंटरकॉम लावला. काळी यादी त्यांना रद्द करता येत होती, पण विनंती नोंदणीकृत फोनवरूनच यायला हवी होती. "आज एकासाठी नियम मोडला, तर उद्या सगळेच मुलं कोंडून घेतील," ते म्हणाले.

एवढ्यात ऑफिसात नवऱ्याला बेडरूममधली हालचाल कळली. त्याने मला फोन केला, तो मुलाने कापला. मग त्याने गेटवर फोन केला, आणि माझ्या मुलाचं थेट वर्णन मला असं ऐकू येऊ लागलं: ऑफिसातून नवरा सांगणार, गेटवरून रखवालदार मला सांगणार.

"मॅडम, साहेब म्हणतायत, बाळ खेळतंय. काळजी नको. साहेब कॅमेऱ्यातून बोलतायत त्याच्याशी."

कॅमेऱ्याला बोलण्याची सोय होती. मी तीच बघून तो घेतला होता. आतून नवऱ्याचा आवाज आला, "पिल्लू, बाबा इथे आहे, इकडे बघ." पिल्लाने बघितलं. बाबा खिडकीच्या वरून बोलत होता.

"मॅडम," रखवालदाराचा आवाज बदलला होता, "तो स्टूल ओढतोय. खिडकीकडे. बाबाकडे जायचंय म्हणतोय."

तो स्टूल मीच तिथे ठेवला होता. मी ओरडून सांगितलं, त्यांना गप्प बसायला सांगा. नवरा गप्प बसला. आतून बाबा गप्प झाल्यावर मुलगा बाबाला हाका मारायला लागला. स्टूल फरशीवर घासल्याचा आवाज मला दाराला कान लावून ऐकू येत होता. घरात तीन कॅमेरे होते. नवरा बघत होता. समितीच्या खोलीतल्या पडद्यावर इमारतीचा दर्शनी भाग दिसतो, म्हणजे सचिवही बघत असणार.

मग खिडकीच्या बाजूने एक आवाज आला. म्हाताऱ्या बाईचा, अगदी निवांत.

"कोण रे तू? आईला शोधतोयस? ती बघ, तुझ्या दारामागे लपलीय. जा, धर तिला. ती कडी सरकव, म्हणजे सापडेल. हळू उतर हं, पळाली तर माझ्याकडे तक्रार कर."

स्टूल कलंडल्याचा आवाज झाला. मग पावलं वाजली, कडी सरकली, आणि माझा मुलगा दारात उभा राहून म्हणाला, "सापडली."

शेजारच्या खिडकीत, हातभर अंतरावर, तीच पिकल्या केसांची बाई होती. मी मुलाला घट्ट धरून खिडकीत गेले तर म्हणाली, "अगं, आवाज कधीचा येत होता. बेल वाजवणार होते, पण तू काही दार उघडत नाहीस, म्हणून इकडून बोलले."

पलंगावरच्या फोनवर सूचना आली होती: 'खिडकीपाशी अनोळखी आवाज. तक्रार नोंदवायची?'

दुसऱ्या दिवशी काळ्या यादीतून सुटलेल्या सुतारकाकांनी कडी काढली. दोन मिनिटं लागली. त्याच दिवशी समितीच्या दोन नोटिसा आल्या. एक आम्हाला, दारावर लाथा मारल्याबद्दल. दुसरी शेजारच्या काकूंना, विहित माध्यम सोडून खिडकीतून संपर्क साधल्याबद्दल. जाळीच्या अर्जावर शेरा आला: 'मूल सुखरूप असल्याचे चित्रीकरणात दिसते. गरज सिद्ध होत नाही.' जाळी मी त्या संध्याकाळीच बसवून घेतली. त्याची नोटीस अजून यायची आहे.

मग मी काकूंचा चेहरा कॅमेऱ्याला ओळखीचा करून द्यायला बसले. प्रणालीने विचारलं, ही व्यक्ती कोण? कुटुंब, कामगार, कुरिअर, संशयित. शेजारी हा पर्याय नव्हता. मी कंपनीला लिहिलं. तशी मागणी आजवर कोणी केलेली नाही, असं त्यांचं उत्तर आलं.

म्हणजे तुम्हीही केलेली नाही. तुमच्या दारावरही कॅमेरा असेलच. आधी तोच बसवला असेल. त्यात समोरचं दार दिसतं. त्या दाराबाहेर परवाचं, कालचं आणि आजचं अशी तीन वर्तमानपत्रं पडलेली आहेत, आणि तुम्ही ती फोनवर तीन दिवस बघता आहात. आता हे वाचणं पुरे. उठा, समोर जा आणि बेल वाजवा. दार उघडलं नाही तर पुन्हा वाजवा.