अतुलचे सोळा ठोके

"आज हळदीत नाय नाचवलं मांडवाला, तर गिटार विकून टाकीन!" धम्मपालनं सकाळीच जाहीर केलं.

तीस वर्षं या गड्यानं छत्रपती संभाजीनगरात प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवलं. म्हणजे एकेक गाणं बावीस मिनिटांचं, ताल चारदा बदलणार आणि शेवटी ऐकायला दोघंच उरणार : बायको करुणा आणि हॉलचा वॉचमन! आता जमाना डीजेचा. म्हणून त्यानं आपलं ‘लेणं नंबर सोळा’ हे गाणं छाटून चार मिनिटांत बसवलं, खाली मशीनचा ढोल टाकला. एक जागा मात्र तशीच ठेवली. अतुलची.

अतुल त्याचा ड्रमर, जिवाचा दोस्त. गाण्याच्या मध्ये सोळा ठोके त्याचे एकट्याचे. बाराव्या ठोक्याला हमखास चुकायचा आणि धम्मपाल खणकन तार छेडून ती चूक झाकायचा. दोन वर्षांपूर्वी अतुल गेला. तेव्हापासून त्या जागी धम्मपाल नुसता गप्प उभा राहतो.

"तेवढी जागा भरा की मशीननं," करुणा म्हणाली.

"त्या जागेला हात नाय लावायचा!"

बिडकीनला काकासाहेबांच्या लेकीची, श्रेयाची हळद. मांडव काय नाचत होता! तेवढ्यात अतुलची जागा आली. गिटार गप्प, ढोल गप्प.

"लाईट गेली!" कुणीतरी ओरडलं. जनरेटरवाला सांडू धावला आणि घाईत त्यानं चालू जनरेटरचाच खटका दाबला. मग मात्र लाईट खरंच गेली! पंखे थांबले, मिक्सरमधली चटणी अर्धीच राहिली आणि फ्यूज बघायला गेलेले नवरीचे मामा थेट हळदीच्या पातेल्यात बसले. नवरीपेक्षा मामाच पिवळे!

अर्ध्या तासानं जनरेटर धडधडला. काकासाहेब तरातरा आले.

"काय बिघडलं होतं हो?"

"काय नाय, काकासाहेब. तिथं अतुल वाजवतो."

"मग बोलवा की त्याला! जेवून जाईल."

धम्मपाल तारा जुळवू लागला. "लई लांब गेलाय तो." एवढ्या माणसांत त्याला फार एकटं वाटलं.

"बरं, आता मधीच गप्प नका बसू. माणसं घाबरतेत."

गाणं पुन्हा सुरू झालं. ती जागा आली. धम्मपालनं डोळे मिटून पायानं मशीनचं बटण दाबलं. ठोके पडू लागले, मांडव उसळला.

"आला व्हय अतुल!" काकासाहेब खुशीत ओरडले.

नऊ, दहा, अकरा. बाराव्याला धम्मपालनं सवयीनं खणकन तार छेडली, दोस्ताची चूक झाकायला.

मशीन काही चुकलं नाही. सगळ्या मांडवात चुकला तो एकटाच!