बर्फावरून न घसरल्याबद्दल नापास

सुंबरवारूच्या परवाना कार्यालयात मी सतरा वर्षं कारकून आहे, आणि आमच्या परीक्षेत कुणी पास होत नाही ही तक्रार अगदी खरी आहे. पूर्वी परीक्षा साधी होती. इंग्रजी आठाच्या आकड्यासारख्या पांढऱ्या रेघेवरून पाय न टेकवता मोटरसायकल न्यायची, बस्स. उमेदवार डोंगरावरून स्वतःच मोटरसायकल चालवत यायचे, आमच्याच अंगणात रांगेत लावायचे, आठावर पडायचे, नापास व्हायचे आणि पुन्हा चालवत घरी जायचे. यात कुणाला काही खटकत नसे.

मग राजधानीतून विचारणा झाली, की इतर देशांत हे कसं करतात. अशी विचारणा आली की आमच्याकडे अभ्यासदौरा निघतो. हा तर पत्र पुरतं वाचून व्हायच्या आत निघाला. आमचे साहेब पाक दर्मोजो (पाक म्हणजे आमच्याकडे श्रीयुत), त्यांच्या सौभाग्यवती आणि फोटो काढायला सौभाग्यवतींचे भाऊ, असे तिघं फिनलंड, जपान आणि जर्मनी पाहून आले. फिनलंडमध्ये निसरड्यावर गाडी सावरायला शिकवतात. जपानमध्ये गाडी सुरू करण्याआधी खाली काही दडलं नाही ना, हे वाकून बघतात. जर्मनीत जखमीला मदत करायला शिकल्याशिवाय लायसन्स देत नाहीत. साहेबांनी तिन्ही गोष्टी एकदम मंजूर केल्या, आणि आठ आपला राष्ट्रीय म्हणून ठेवला.

पंचाईत बर्फाची झाली. आमच्याकडे वर्षभर घाम निथळतो. बर्फ मिळतो तो मासळीबाजारात. रोज सकाळी बारा लाद्या येऊ लागल्या, आणि त्यात एखाददुसरा बांगडा थिजलेला असे. उमेदवार खरंच वाकून बघतो याची खात्री व्हायची तर गाडीखाली काहीतरी असायला हवं, म्हणून एक मांजर रीतसर नेमण्यात आलं. हजेरीपुस्तकात त्याचं नाव मीच चढवलं. पण बांगड्याचा वास आला की ते जागेवर थांबेना, आणि पहिल्याच आठवड्यात एकतीस जण ‘गाडीखाली मांजर आढळले नाही’ या शेऱ्याने नापास झाले. मलमपट्टीचा प्रश्न मात्र सुरेख सुटला. बर्फावर जो पडेल, त्याला मागच्या नंबरच्या उमेदवाराने पट्टी बांधायची. याचं श्रेय साहेब घेतात, पण कल्पना माझी होती.

अशात एका मंगळवारी बू रुमांती आली; बू म्हणजे आमच्याकडे बाई. ही वरच्या चार वाड्यांची सुईण. एकोणीस वर्षं औषधांची पेटी मागे बांधून मोटरसायकलवरून डोंगर चढते-उतरते. माझ्या दोन्ही मुली तिच्याच हातच्या, साहेबांचा नातूसुद्धा. आरोग्यखात्याने तिला नोटीस दिली होती: महिनाअखेरपर्यंत लायसन्स दाखवा, नाहीतर गाडी जमा करून तालुक्याच्या दवाखान्यात बसा. आणि वरच्या वाड्यांत दोघीजणींचे दिवस भरत आले होते.

त्या दिवशी नशिबाने मांजर गाडीखालीच झोपलं होतं. तिने ते हलकेच उचलून बाजूला ठेवलं, आठ काढला, आणि बर्फावरून पाय न टेकवता अशी अलगद पलीकडे गेली की समोरच्या कॉफीच्या टपरीवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या नंबरचा भाजीवाला सुकिर हातात पट्टी घेऊन तसाच उभा राहिला.

“साहेब, मी बांधू कुणाला?”

साहेबांनी नियमावली उघडली. “बाई, तुम्ही पडला नाहीत.”

“पडायचं नव्हतं ना?”

“नव्हतंच. पण मागच्या माणसाचा काही विचार? तुमच्यामुळे हा जखमीविना नापास होतोय. रस्त्यावर दुसऱ्याची अडचण ओळखता आली पाहिजे.”

“असं होय. मग पडते की पुढच्या वेळी, त्यात काय.”

पुढच्या मंगळवारी ती खरंच पडली. पुन्हा तिच्याच मागच्या नंबरला आलेल्या सुकिरने इतक्या मनापासून पट्टी बांधली की तो जागीच पास झाला. तिच्या अर्जावर साहेबांनी लिहिलं, ‘तोल सांभाळता येत नाही.’

“अहो, गेल्या मंगळवारी सांभाळला होता की!”

“गेला मंगळवार गेला, बाई.”

“साहेब, वरच्या वाडीतली पोर आज-उद्या बाळंत होईल. मी जाऊ कशावरून?”

“आलात कशावरून?”

“ह्याच गाडीवरून.”

“मग ह्याच गाडीवरून जा. अडवलंय कुणी?”

मला लाज वाटली. सरकारी नोकरीत ती सहसा वाटत नाही, म्हणून लगेच ओळखू आली. मी तिला बाजूला नेऊन म्हटलं, “बाई, आता जेमिनला भेटा.” जेमिन आमच्या अंगणात शिट्टी वाजवून गाड्या लावून देतो, आणि उरलेल्या वेळात लायसन्स काढून देतो.

“मला चालवता येतं, भाऊ,” ती म्हणाली. “ज्यांना येत नाही ते जातात त्याच्याकडे.”

“म्हणूनच तर त्यांना मिळतं.”

तिने वरच्या वाडीकडे एकदा बघितलं आणि ती जेमिनकडे गेली. जेमिनने तिला एकच प्रश्न विचारला. “फोटोत हसणार की गंभीर?” ती गंभीर म्हणाली, आणि पास झाली. टपरीवरच्या कॉफीतला गाळ खाली बसायच्या आत लायसन्स हातात आलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. रागाचं होतं, हे मला कळलं.

“एकोणीस वर्षं गाडी चालवून मी चोर, भाऊ, आणि आज गाडीला हात न लावता साव.”

तिने किक मारली आणि ती डोंगराकडे गेली. संध्याकाळी वरच्या वाडीत मुलगी झाली.

यंदाच्या अहवालात मी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे, की चौदाशे उमेदवार चार देशांच्या कसोट्यांना उतरले. सुकिर सोडला तर अंगणातल्या परीक्षेत एकही उतरलेला नाही; बाकी सगळे जेमिनकडून उतरले. मांजराची नेमणूक कायम झाली.

तुम्हाला आमचं हसू येतंय, ते मला इथून दिसतंय. हसा. मग पाकिटातलं लायसन्स काढा आणि त्यावरचा तुमचा चेहरा नीट बघा. ज्या दिवशी ते मिळालं, त्या दिवशी तुम्ही गाडी किती फूट चालवली होती?