साडूच्या गॅलरीतला आकडा

मध्ये बोलू नकोस, आधी नीट ऐक. आमच्या रस्त्यावर एक चष्मेवाला आहे. खाली दुकान, वर घर. आणि बरोब्बर समोर, रस्त्याच्या पलीकडे, त्याचा साडू. गणिताचा निवृत्त मास्तर. दोघी बहिणी समोरासमोर दिल्या तेव्हा सासऱ्यांना वाटलं, सोय झाली. झाली, पण बहिणींची. साडूने नुसता नवा पडदा लावला तरी चष्मेवाल्याच्या पोटात दुखायचं.

तर पलीकडचा मोठा रस्ता खणला आणि सगळ्या गाड्या इथून जायला लागल्या. सकाळी आठला लागलेली रांग अकराला हलायची. दुकानातल्या काचा दिवसातून चारदा पुसाव्या लागायच्या. मग पालिकेच्या ऑफिसातून एक मॅडम आल्या आणि हवेतला धूर मोजायचं यंत्र लावून गेल्या. कुठे? साडूच्या गॅलरीत.

झालं. लाल आकडा दिवसभर चमकतोय, खाली लोक माना वर करून बघतायत, आणि मास्तर चहाचा कप घेऊन निकाल वाचल्यासारखे सांगतायत, "आज तीनशे दहा."

"ताईकडे पेपरवाले फोटो काढून गेले," जेवताना चष्मेवाल्याची बायको म्हणाली.

"धूर काय त्यांच्याच घरी जातो? आपल्याकडे काय अत्तर येतं?"

"मग जा ना ऑफिसात. इथे बसून जळून आकडा वाढत नाही."

गेला की हा. मॅडम वैतागल्या, पण दुसरं यंत्र याच्या गॅलरीत लावलं. म्हणाल्या, "आठवडाभर मोजू. ज्या बाजूचा आकडा जास्त, त्या बाजूला गाड्या थांबायला बंदी."

पहिल्या दिवशी याचा आकडा आला एकशे ऐंशी. कारण रांग सगळी समोरच्या कडेला खोळंबायची.

"भाऊजी तीनशेच्या वर आणि आपण काठावर पास," बायको म्हणाली.

समोरून मास्तरांची हाक आली, "प्रयत्न करत राहा, साडूभाऊ. सुरुवात बरी आहे."

हे मात्र त्याला झोंबलं. त्याच दुपारी त्याने दुकानातला डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता काढला आणि बाहेर दारावर टांगला. खाली पाटी: 'गाडीत बसल्या बसल्या डोळे तपासा. फुकट.'

आता फुकट म्हटल्यावर कोण सोडतोय? गाड्या या कडेला यायला लागल्या. इंजिन चालू, मुंडकं खिडकीबाहेर.

"तिसरी ओळ वाचा," हा दारातून.

"तिसरी कुठली? दोनच तर आहेत."

"उतरा खाली. तुम्हाला चष्मा लागतो."

मागचे हॉर्न मारतायत, आणि स्वतःची पाळी आली की तेही वाचत बसतायत. एका टेंपोवाल्याने पुढच्याचं ऐकून सगळं पाठ म्हणून दाखवलं, तर याने तक्ता उलटा टांगला.

आकडा चढला. अडीचशे. तीनशे. सहाव्या दिवशी चारशे बारा. बायको खोकत खोकत बहिणीला फोनवर सांगत होती, "आमचं चारशे झालं गं." आणि दुकानात पाय ठेवायला जागा नाही. अर्ध्या रस्त्याला धड दिसतच नव्हतं, हे इतके दिवस कुणाला माहीत होतं? समोर मास्तरांचा आकडा नव्वदवर आला. ते गॅलरीत दिसेनासे झाले.

सातव्या दिवशी मॅडम कागद घेऊन आल्या. "तुमची बाजू पहिली. उद्यापासून तुमच्या दारात एकही गाडी थांबणार नाही. सही करा."

याचं पेन हवेतच थांबलं. "एकही? म्हणजे गिऱ्हाइकांचीसुद्धा?"

"एकही."

"मग थांबणार कुठे?"

"समोर. दुसरी जागाच कुठे आहे?"

म्हणजे गाड्या समोर, आणि दोन दिवसांत आकडाही समोर. "आणि सही नाही केली तर?"

"तर लिहून द्या की हा तक्ता टांगून गाड्या तुम्हीच अडवल्या. मग तुमचा आकडा रद्द, पहिले समोरचे, आणि बंदीही त्यांच्याच दारात."

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. मास्तर गॅलरीत आले, कठड्यावर कोपरं टेकवून अगदी प्रेमाने म्हणाले, "करा सही, साडूभाऊ. आमच्याकडे गाड्यांना जागा भरपूर आहे."

"अहो, करा ना लवकर," बायको कुजबुजली. "ताई बघतेय."

पेनाचं टोक कागदाला टेकलेलं, आणि हा एकदा दुकानातल्या गर्दीकडे बघतोय, एकदा साडूकडे. हसू नकोस, खरं सांग. त्याच्या जागी तू काय केलं असतंस?