आवकीच्या फॉर्ममधली करडी चौकट

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मी गोदामातला संगणक लावला आणि चित्र गेल्याचं कळलं. आवकीच्या फॉर्ममध्ये उजव्या हाताला ते असायचं. तिथं करडी चौकट होती. आत लिहिलं होतं, ‘घटक सापडला नाही.’

“घाबरू नका दत्तराव,” दारातून आवाज आला. “मी हाय.”

हे दिनकरराव. एसटीत तीस वर्षं तिकीट तपासनीस होते.

“माझं नाव निघालं की बिनतिकीट मानूस चालत्या गाडीतून उतरायचा,” ते खुर्ची ओढत म्हणाले. “मी तिकीट बघतच न्हवतो, चपला बघायचो. असा मेंदू मराठवाड्यात एकच. त्याला सरकारनं निवृत्त केलं, गुन्हेगारांनी न्हाई.”

निवृत्तीनंतर ते गुप्तहेर झाले आणि आमच्या गोदामात चहाला येऊ लागले. मला त्यांनी सहायक नेमलं. मला विचारलं नव्हतं.

चित्र कसलं ते सांगतो. पाथरीच्या आमच्या गोदामात तूर, हरभरा, सोयाबीन ठेवतात. कुणाची पोती कुठल्या खोलीत, हे फॉर्मवर यादीतून निवडावं लागायचं. रोज चुका व्हायच्या. माझी बायको सत्यशीला तिथं अकरा वर्षं कारकून होती. तिनं पेन्सिलीनं गोदामाचा नकाशा काढला, प्रत्येक खोलीवर हमालांच्या तोंडचं नाव लिहिलं. घुशीची, पंख्याची, गळकी. नागेश नावाच्या पोरानं तो नकाशा फॉर्ममध्ये बसवला. खोलीवर टिचकी मारली की ती हिरवी व्हायची, भरली की लाल.

मागच्या उन्हाळ्यात सत्यशीला गेली. मूळ कागद उधईनं खाल्ला. तिच्या हातचं अक्षर आता त्या फॉर्ममध्येच होतं. रोज दीडशे वेळा मी त्याच्यावर टिचकी मारायचो.

दिनकररावांनी चौकटीचा वास घेतला. “उंदीर,” ते म्हणाले. “कागदावरचा नकाशा हुता ना? आत शिरून खाल्ला.”

“कागद आत नाही दिनकरराव.”

“खाल्ल्यावर कसा ऱ्हाईल?”

दुपारपर्यंत उंदीर सुटला आणि संशय पलीकडच्या व्यापाऱ्यावर गेला. त्याच्या चपला नव्या होत्या. मग दसऱ्याला सगळेच चपला घेतात असं ध्यानात आलं आणि तोही सुटला.

“गुन्हेगार आतला हाय,” दिनकररावांनी डोळे बारीक केले. “दत्तराव, नवमीला आन् दसऱ्याला तुमी कुठं हुता?”

“नागपूरला. दीक्षाभूमीवर. दरवर्षी जातो.”

“साक्षीदार?”

“लाखभर.”

“लय झाले. एवढे साक्षीदार आनतो तोच मानूस संशयास्पद असतो.”

मी नागेशला फोन लावला. तो आता पुण्यात असतो. फोन दिनकररावांनी हिसकावला आणि स्पीकरवर लावला.

“काका, चित्र पेनड्राइव्हवरून येतंय,” नागेश म्हणाला. “संगणकात उतरवायचं राहूनच गेलं. मागं पेनड्राइव्ह लावलेला हाय का बघा.”

दिनकरराव वाकले. “हाय की. बोटाच्या पेराएवढा. काळा.”

“मग फाइल खराब झाली असंल. माझ्याकडं कॉपी न्हाई. तो लॅपटॉप म्या इकला.”

मी खाली बसलो. संगणकाच्या पाठीमागं कधी बघावं असं मला वाटलंच नव्हतं.

मालकीण सुमनबाई आल्या. त्यांनी करडी चौकट बघितली, माझ्याकडं बघितलं. “दत्तराव, माझ्याबी जिवावर येतंय. पर बाहेर गाड्या उभ्या हायत. उद्यापासून यादीच लावू.”

तेवढ्यात झाडू मारणाऱ्या बायनाबाई चहा घेऊन आल्या.

“काय हुडकायलाव?”

“पेनड्राइव्ह,” मी म्हणालो. “म्हणजे हाय, पण बिघडलाय.”

त्यांनी मागं डोकावलं. “हे तर उंदराचं हाय.”

“बघा! म्या काय म्हनलं हुतं?” दिनकरराव उठले.

“ह्या हातातल्या उंदराचं. बिनवायरच्या माऊसची खुंटी हाय ती. तुमचं ते पितळी पट्टीचं म्या पुजेत मांडलं की.”

“कुठल्या पुजेत?”

“खंडेनवमीच्या. बाई म्हनल्या, कामाची सगळी हत्यारं मांड. काटा मांडला, दाभन मांडलं, हमालाची आकडी मांडली. कंपुटर उचलंना, म्हनून त्याचं एवढंसं काढलं. हत्यारच की ते बी.” मग दिनकररावांकडं वळून म्हणाल्या, “तुमी तर डोस्कं टेकवलं त्याच्यापुढं. दसऱ्याला आपट्याचं पान बी ठिवलं.”

दिनकररावांनी चहा संपवला. मग पुन्हा रिकाम्या कपातून प्याले.

बायनाबाईंनी पेटीतून लाल फडकं आणलं. दाभणाच्या शेजारी पेनड्राइव्ह होता, हळदीकुंकू लावलेला. मी तो शर्टाला पुसला आणि मागं खोचला. फॉर्म बंद करून उघडला.

घुशीची. पंख्याची. गळकी. ‘ळ’ची गाठ तशीच, जरा मोठी.

“आतलाच मानूस निघाला,” दिनकरराव हळूच म्हणाले. “केस बंद.” त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि मला दिला.

संध्याकाळी नागेशनं फोनवरून सांगत सांगत चित्र माझ्याकडून संगणकात उतरवून घेतलं. “काका, आता नाव बी बदलता येतंय. नऊ नंबरची खोली कोरीच हाय. लिहा की काहीतरी.”

ती खोली सत्यशीला दवाखान्यात असताना बांधली. घरी आल्यावर तिनं नकाशात त्या खोलीचा चौकोन काढला, नागेशनं तो फॉर्ममध्ये बसवला. नाव आधी हमालांना विचारते, म्हणाली होती.

नऊ नंबरच्या खोलीत आज चाळीस पोती हरभरा आहे. तिच्यावर नाव लिहायचं राहिलं आहे.