कोंडाजीची अकरा हजार पावलं

मी धर्माजी मोकल. एसटीच्या तपासणी पथकात एकोणतीस वर्षं काढली. प्रवाशाच्या नुसत्या मानेकडे बघून त्याच्या खिशात तिकीट आहे की नाही, हे मी ओळखायचो. मी धरलेल्याच्या खिशातून दहातल्या नऊ वेळा तिकीट निघायचं, पण त्यात दोष प्रवाशांचा. निवृत्तीनंतर ही बुद्धी गंजू नये म्हणून मी ओटीवर पाटी लावली : ‘गुप्त तपास, सकाळी ९ ते १’. मुरुडच्या अलीकडे आमचं गाव एवढंसं, त्यामुळे तपास गुप्त राहत नाही. पण वेळ मी काटेकोर पाळतो.

त्या मंगळवारी जनीवहिनी आल्या. माणगावच्या बाजारात सुकी मासळी विकणारी ही बाई कुणापुढे हात पसरणारी नव्हे. ओटीच्या कडेला टेकून म्हणाल्या, “भावोजी, आमच्या ह्यांच्यावर नजर ठेवा. चालतात कुठं ते शोधा.”

‘हे’ म्हणजे कोंडाजी, माझा शाळेपासूनचा सोबती. त्याचा उजवा गुडघा इतका झिजलाय, की अंगणात उतरायला चौकट धरावी लागते. अलिबागच्या डॉक्टरनं ऑपरेशनची तारीख दिली होती, येत्या सोमवारची. मुलगा सुजित न्हावा शेवाला कंटेनरच्या कामावर असतो, तो रजा टाकून येणार होता. पण दिवाळीत त्यानंच बापाला स्मार्टवॉच आणून दिलं होतं. ते जोडलेलं कोंडाजीच्या फोनला आणि तिथून सगळा हिशेब सुजितच्या फोनवर. बापाची नाडी, झोप, पावलं, सगळं मुलाला बसल्या जागी दिसायचं.

“रोज अकरा हजार पावलं दिसतात त्याला,” वहिनी म्हणाल्या. “काल फोनवर बोलला, एवढं चालणाऱ्या माणसाला नवा गुडघा कशाला? तारीख रद्द करतो. हे म्हणाले, बाबा रे, मी चाललो न्हाय. तर म्हणतो, घड्याळ खोटं कशाला बोलेल?”

“मग?”

“मग काय. घड्याळ खरं, तर बाप खोटा झाला ना. तवापासून धड जेवले न्हाईत. रात्री गुडघा मी चोळते, भावोजी. तो कसा कुरकुरतो ते मला ठाव हाय. पण मी दिवसभर बाजारात. पोराला सांगू काय?”

मी डोळे मिटले. विचार करताना मी डोळे मिटतो. त्यात एकदा डोळाही लागला होता, पण त्या दिवशी लागला नाही.

पहिला सिद्धान्त सोपा होता. कोंडाजीचा फोन दिवसभर घरात आणि पावलं अकरा हजार. म्हणजे इसम फोन घरी ठेवून बाहेर जातो. कुठे? माडी प्यायला. मी माडीवाल्याकडे चौकशी केली. तो म्हणाला, “कोंडाजीला बघून वरीस झालं. तुमचेच मागचे दोन ग्लास राहिलेत.” ही दिशा मी तत्काळ सोडली.

दुसरा सिद्धान्त जास्त खोल. घड्याळ कोंडाजीच्या हातातच नसणार. ते बांधलेलं असणार बकरीच्या पायात. बुधवारी मी त्यांच्या बकरीमागे बांधाबांधानं अडीच तास फिरलो. तिच्या चारही पायांत काही नव्हतं. माझ्या मात्र डाव्या पायात काटा होता.

गुरुवारी मी वेषांतर करून थेट पाळत ठेवली. डोक्याला पंचा, हातात कोयता, नारळ उतरवणारा गडी. कुंपणाआडून पाहिलं तर अंगणात वहिनींचा जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, वाळत पसरलेला आणि ओटीवर खुर्ची टाकून कोंडाजी बसलेला. डाव्या हातात त्याचं जुनं चावीचं घड्याळ, वेळ बघायला. उजव्या हातात स्मार्टवॉच, मुलाच्या समाधानाला. त्याच हातात लांब काठी, टोकाला काळी पिशवी बांधलेली.

“धर्माजी, उन्हात का उभा? ये, च्या घे,” तो म्हणाला.

वेषांतर उत्तम होतं. माझी चाल त्याच्या ओळखीची, त्याला इलाज नाही.

दोन तास बसलो. माणूस जागचा उठला नाही. फक्त काठी हलवत होता. एकदा डावीकडे, दोनदा उजवीकडे, मग जोरात समुद्राच्या दिशेनं. आणि तिकडे, खाडीच्या तोंडाशी, एक होडी उभी होती. माझ्या अंगावर काटा आला. संकेत. माझा मित्र चोरटा माल उतरवून घेत होता आणि पावलं टाकत होते त्याचे हस्तक.

संध्याकाळी मी हे वहिनींना शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ती होडी भागोजीची हाय. इंजिन बिघडलंय तिचं. तुम्ही जेवून जा.”

शुक्रवारी वहिनी बाजाराला गेल्या नाहीत. मी पोचलो तेव्हा कोंडाजी आंघोळीला गेला होता. स्मार्टवॉच खुंटीला. अंगणात कावळे उतरायला लागले, तशा वहिनी खुर्चीवर बसल्या, काठी घेतली आणि सहज ते घड्याळ मनगटात अडकवलं. कावळे हाकलत राहिल्या. कोंडाजी आंघोळीला चांगला वेळ लावतो. थोड्या वेळानं त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं.

“भावोजी, हे बाराशे लिहिलंय ना?”

“बाराशे चौदा.”

“मी तर उठलेच न्हाय.”

वहिनींनी बसल्या बसल्या काठी पुन्हा हलवली. बाराशे पंधरा. एक कावळा जवळ्यात चोच मारून गेला. बाराशे सोळा.

वहिनींनी तिथूनच सुजितला व्हिडिओ कॉल लावला. फोन माझ्या हातात दिला आणि खुर्चीतून न उठता, बोलायच्या आधी, पाच मिनिटं कावळे हाकलले. मग म्हणाल्या, “बघ आता तुझ्या फोनात किती झाले.”

मग सुजित म्हणाला, “आई, बाबांना दे.”

कोंडाजी ओल्या अंगानं चौकट धरून उभा होता. फोन कानाला लावून नुसतं “व्हय... व्हय... असू दे” एवढंच म्हणाला. त्या दुपारी तो दोन भाकऱ्या जेवला.

ऑपरेशन सोमवारीच झालं. तिसऱ्या आठवड्यात मी भेटायला गेलो, तर सुजित आलेला. बाप वॉकर धरून ओटीवर येरझारा घालत होता आणि मुलगा त्याच्या मनगटाकडे रागानं बघत होता.

“बाबा, काढा ते. बिनकामाचं आहे. नुसता मनस्ताप झाला.”

कोंडाजीनं हात मागे घेतला. “राहू दे.”

“कशाला? पावलं चुकीची मोजतं. वेळ तुम्ही दुसऱ्यात बघता. उपयोग काय त्याचा?”

कोंडाजी खुर्चीत बसला. श्वास सावरेपर्यंत थांबला. “आधी महिन्यातून एकदा फोन करायचास. हे घातल्यापासून रोज करतोस. बाबा, झोप कमी का झाली. बाबा, नाडी का वाढली. शेवटी शेवटी ओरडायचास. पण रोज ओरडायचास.”

सुजित खाली बसला आणि बापाचा पाय दोन्ही हातांत धरून हळूहळू दाबायला लागला.

अशा प्रसंगी कसलेला गुप्तहेर काय करतो, ते मला ठाऊक आहे. मी आवाज न करता उठलो, चप्पल घातली आणि निघालो. चप्पल सुजितची होती, हे फाटकापाशी लक्षात आलं. पण मी परत आत गेलो नाही.